संमेलनाचं काम वाटून देताना : ऑक्टोबर ते जानेवारीच्या नोंदी

6 ऑक्टोबर 2024, रविवार
मारुती मंदिरात रात्री साडेआठला गावच्या मराठी साहित्य संमेलनाची पहिली बैठक. बावीसजण आले. गुरुवारी, 3 तारखेला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यामुळे पहिल्या संमेलनापासूनचे आमचे गुरुजी आनंदात होते. यंदा दिंडी मोठी काढायची, म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

हिवाळा लागला की बेळगावच्या आजूबाजूला कुठं ना कुठं ग्रंथदिंडी निघतेच. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, अशी किती गावं. आमचं गाव त्यातलंच एक, लहान. सकाळी दिंडी, मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, दुपारी आलेल्या प्रत्येकाला जेवण, जेवणानंतर कथाकथन आणि कविसंमेलन. पैसा गावचा, तांदूळ गावचा, माणसंही गावचीच.

अकरा वर्षं मी कार्यवाह आहे. आज रजिस्टर उघडून सगळ्यांसमोर वाचलं : एकूण 41 कामं, त्यातल्या 33 कामांपुढं माझं एकट्याचं नाव. गेल्या वर्षी संमेलनाच्या दोन दिवस आधी आईला दवाखान्यात न्यावं लागलं, मी तिच्या उशाशी. साऊंडवाल्याला इसार दिलेला नव्हता, हे फक्त मला माहीत. पाहुण्यांच्या गाडीवाल्याचा नंबर फक्त माझ्या फोनमध्ये. चाळीस पोरं छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावून मैदानात उभी होती, आणि त्यांनी काय करायचं तो कागद माझ्या खिशात, दवाखान्यात. संध्याकाळी एकानं मला सांगितलं, "दादा, दिवसभर उभं राहिलो. काय करू म्हणून कुणाला विचारायचं तेच कळलं न्हाई." ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

यंदा कामं वाटायची. बैठकीत तसं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "वाटलीस तर बरंच, पण लक्ष तुझंच पाहिजे." त्यावर मी आज काही बोललो नाही.

13 ऑक्टोबर, रविवार
काल दसरा झाला. आज घरी बसून 41 कामं सुट्या कागदांवर लिहून काढली.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे. आमच्याकडं पोराच्या हातात काम देताना "जरा हे बघ" असं कुणी म्हणत नाही. जॉब कार्ड देतात, बरोबर ड्रॉइंग देतात. ड्रॉइंगवर माप असतं आणि मापापुढं टॉलरन्स असतो : इतक्या मायक्रॉनपर्यंत इकडंतिकडं चालेल. तेवढ्या फरकासाठी पोरगा सुपरवायझरला हाक मारत नाही. त्याच्याबाहेर गेलं तर मात्र मशीन थांबवून बोलावतो. नवं पोरगं पहिल्या महिन्यात धीट होतं ते या टॉलरन्समुळं. आपल्याला कुठंपर्यंत मोकळीक आहे, ते त्याला दिसत असतं.

संमेलनाच्या कामांना माप आम्ही तोंडी सांगत आलो. टॉलरन्स कधीच दिला नाही. म्हणून पोरं चहाच्या कपापासून सगळं विचारायला यायची, आणि मी ते माझं महत्त्व समजायचो.

कार्ड तयार केलं, पोस्टकार्डाएवढं. पहिलं पाण्याचं :

काम : 19 जानेवारीला पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि हात धुण्याचं पाणी. (आधी 12 जानेवारी होती. तारीख नंतर बदलली, ते पुढं लिहितो. इथं बदललेल्याच तारखा लिहिल्यात.)
झालं कधी म्हणायचं : सकाळी सहाला आचाऱ्याजवळ दोन टाक्या भरलेल्या, आठला मंडपात चार ठिकाणी पिण्याचं पाणी, शेवटची पंगत उठेपर्यंत एकही टाकी रिकामी नाही.
कोण : एकच नाव. मदतीला तीन, ते त्यानंच निवडायचे.
खर्च : तीन हजारांपर्यंत कुणाला विचारायचं नाही.
विचारायचं कधी : टँकर मिळत नसेल तर, किंवा शाळेची बोअर बंद असेल तर.
मला सांगायचं कधी : 1 जानेवारी आणि 15 जानेवारी. मध्ये मी विचारणार नाही.

शेवटची ओळ लिहायला सगळ्यात वेळ लागला.

20 ऑक्टोबर, रविवार
आज कामं वाटली. नाव मी पुकारायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. कार्डं सतरंजीवर पसरली, ज्याला जे जमेल ते उचला म्हटलं. पहिली पाच मिनिटं कुणी हात घातला नाही. मग डिप्लोमा सिव्हिल करणाऱ्या मुलीनं मंडप-स्टेजचं कार्ड उचललं. मंडपाचं काम आजपर्यंत पोरींकडं कधी गेलेलं नाही. कुणीतरी हसलं. तिनं कार्ड ओढणीखाली धरलं आणि जागेवर जाऊन बसली.

स्त्रीशक्ती संघाच्या आक्कांनी शिधा आणि हिशेब अशी दोन्ही कार्डं मागितली. दरवर्षी बायकांना रांगोळी आणि पाहुण्यांना ओवाळणं, एवढंच काम असायचं. वास्तविक त्यांचा संघ दर आठवड्याला पैसे गोळा करतो, कर्ज देतो, वही लिहितो, आणि त्या वहीत एका रुपयाचा घोळ नसतो. आमची संमेलनाची वही चार वर्षं जुळलेली नाही. हे आधीच सुचायला हवं होतं.

तारखेचं. आम्ही पुरुषांनी 12 जानेवारी धरली होती. आक्का म्हणाल्या, "13 ला शाकंभरी पौर्णिमा. अर्धं गाव सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला असतंय. जेवायला कोण, आणि वाढायला तरी कोण?" बरोबर होतं. त्या दिवसांत भाड्याची गाडीसुद्धा मिळत नाही. तारीख 19 झाली.

10 नोव्हेंबर, रविवार
बैठकीला चारजण. सुगी चालू आहे. भात कापून पडलंय, आभाळ भरून येतंय, अशात बैठक बोलवली ही माझी चूक. मळणी उरकेपर्यंत बैठक नाही. कुणाला काही सांगायचं असेल तर मी खळ्यावर जाईन.

25 नोव्हेंबर, सोमवार
ट्रॅक्टरवाल्या पोराकडं तीन कार्डं आहेत : पाहुण्यांची ने-आण, खुर्च्या आणि जळण. सगळ्याला "करतो की" म्हणाला होता. आजपर्यंत एकाचाही पत्ता नाही. संध्याकाळी त्याच्या खळ्यावर गेलो. मशीन चालू होतं, अंगभर कोंडा. वडील सहा महिने अंथरुणाला आहेत, ते मला ठाऊक होतं, तरी कार्डं देताना माझ्या लक्षात आलं नाही. तो दिवसभर दुसऱ्यांची मळणी करतो आणि रात्री वडिलांचं बघतो.

"का केलं नाहीस" असं तोंडावर आलं होतं. त्याऐवजी विचारलं, "तुझ्या हातातलं काय कमी करू?" बराच वेळ पोत्याची सुतळी ओढत बसला. मग म्हणाला, "जळण माझ्याकडं ऱ्हाऊ दे दादा, ते मी ट्रॅक्टरनं एका खेपेत आणतो. बाकीचं कुणालातरी द्या. नको म्हणायला लाज वाटाली होती."

नको म्हणायची सोय आपल्या कार्डात नव्हती. आज सगळ्या कार्डांच्या मागं एक ओळ वाढवली : 'जमत नसेल तर 15 डिसेंबरपर्यंत परत द्यावं. कारण सांगायची गरज नाही.' (नंतरची भर :) चार कार्डं परत आली आणि चारही दोन दिवसांत दुसऱ्यांनी नेली. ती त्यांच्याकडं तशीच राहिली असती तर 18 जानेवारीला कळलं असतं.

1 डिसेंबर, रविवार
परवानग्या. अर्ज कन्नडमध्ये द्यावे लागतात. इतकी वर्षं मी ओळखीच्या माणसाकडून लिहून घ्यायचो, त्याच्या सवडीनं. यंदा हे काम हायस्कूल कन्नड माध्यमातून झालेल्या आमच्याच गल्लीतल्या पोरानं घेतलंय, तो शहरात एका वकिलांकडं कारकून आहे. ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, मैदानासाठी शाळेची एसडीएमसी म्हणजे देखरेख समिती, तात्पुरत्या विजेसाठी हेस्कॉम : चार अर्ज त्यानं एका रात्रीत लिहिले. फलकाचा मजकूरही कन्नड आणि मराठी दोन्हीत करून आणला.

त्यानं एक सुचवलं ते मला आजवर सुचलं नव्हतं. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, सगळे पोलीस तिथल्या बंदोबस्तावर असतात. तेव्हा अर्ज अधिवेशन सुरू व्हायच्या आत द्यायचा आणि पोच घ्यायची. "मी पण येऊ का बरोबर?" असं विचारलं. "नको मामा, तुम्ही आलात की ते तुमच्याशीच बोलतात." खरं आहे. गेलो नाही.

8 डिसेंबर, रविवार
काल कामावरून येताना टिळकवाडीत काँग्रेस विहिरीजवळ थांबलो. 26 आणि 27 डिसेंबर 1924 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला आता शंभर वर्षं होतात. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनात. ही विहीर त्या वेळी लोकांच्या पाण्यासाठी खोदलेली. गंगाधरराव देशपांडे यांनी यजमानपण केलं, आणि राबायला डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्तानी सेवा दलाचे स्वयंसेवक होते. भाषणं पुस्तकांत गेली, विहीर अजून जाग्यावर आहे. कठड्याला हात लावून उभा राहिलो. हजारो माणसं येणार म्हटल्यावर कुणीतरी एकानं आधी पाण्याचा विचार केला असणार, आणि कुणीतरी त्याच्यावर विश्वास टाकला असणार.

घरी येऊन पाण्याचं कार्ड घेतलेल्या पोराला फोन करावा असं फार वाटलं. कार्डावर 1 जानेवारी लिहिलंय. केला नाही.

15 डिसेंबर, रविवार
तांदूळ. हे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

घरटी मूठभर ते पायलीभर, असा तांदूळ आम्ही दरवर्षी गोळा करतो. एका पोत्यात सगळा ओततो आणि आचाऱ्याकडं देतो. दरवर्षी भात कुठं गिचका, कुठं कच्चा. आचारी बदलून बघितला, तरी तेच. यंदा आक्का तीन पोती घेऊन फिरल्या. पोत्यांवर खडूनं लिहिलेलं : जुना, नवा, उकडा. दारात उभं राहून त्या तांदूळ तळहातावर घ्यायच्या, एक दाणा दाताखाली धरायच्या आणि कुठल्या पोत्यात टाकायचा ते सांगायच्या. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या दोन पोरींना संध्याकाळपर्यंत तो दाणा ओळखता यायला लागला.

मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नव्या तांदळाला पाणी कमी लागतंय, जुन्याला जास्त. एका हंड्यात दोन्ही घातलासा तर आचाऱ्यानं काय करायचं? तो काय दाणे वेगळे करत बसणार?"

एकूण 148 किलो : जुना 70, नवा 61, उकडा 17. सोनामसुरी, इंटान, इंद्रायणी, सगळं मिसळलेलं. पण जुना-नवा वेगळा असला की आचाऱ्याला पाणी धरता येतं. नवा तांदूळ आक्कांनी रविवार पेठेत नेऊन बदलून जुना घेतला, 52 किलो आला. म्हणजे 122 किलो जुना, बाराशे पानांना पुरेल. उकडा मात्र दिला नाही. संमेलनाच्या पहाटे राबणाऱ्या पोरांना पेज घालायची म्हणून ठेवला. हा निर्णय त्यांनी कुणाला न विचारता घेतला. अकरा वर्षांत स्वयंसेवकांना सकाळी पोटात काय जातं, याचा विचार मी केला नव्हता.

5 जानेवारी 2025, रविवार
आज एक वाईट गोष्ट झाली आणि ती माझ्याकडून झाली.

मंडपाचं कार्ड घेतलेल्या मुलीनं नाताळच्या सुट्टीत तीन दिवस दुपारी तीन ते पाच शाळेच्या मैदानात काठी रोवून सावल्या मोजल्या. आमचं स्टेज दरवर्षी पश्चिमेला, ध्वजकट्ट्यापाशी असतं. श्रोते पश्चिमेकडं तोंड करून बसतात. जानेवारीत चार वाजता ऊन कलतं, कनातीच्या खालून थेट डोळ्यांत येतं. बायका पदर पुढं ओढतात, म्हातारी माणसं उठून जातात, आणि आम्ही म्हणतो कथाकथनाला लोक थांबत नाहीत. तिनं स्टेज उत्तरेच्या भिंतीला घ्यायचं ठरवलं, ऊन श्रोत्यांच्या पाठीवर. वायर 120 फूट जास्त लागणार, खर्च तिच्या मर्यादेत.

मला हे शुक्रवारी मंडपवाल्याकडून कळलं. काय झालं सांगता येत नाही, पोटात गोळा आला. ध्वजकट्ट्यापाशीच पहिलं संमेलन झालं, तिथंच गुरुजी बोलले होते. मी मंडपवाल्याला सांगून टाकलं, "दरवर्षीसारखंच घाल." तिला काही बोललो नाही.

आज ती घरी आली. आईनं चहा ठेवला, तिनं घेतला नाही. कार्ड टेबलावर ठेवलं आणि उभ्यानंच म्हणाली, "काका, हे काम तुम्ही मला दिलं होतं. नको असेल तर मला सांगायचं होतं. मंडपवाल्याला फोन कशाला केलासा? आता तो माझं ऐकणार नाही." आवाज चढला नव्हता. डोळे भरले होते.

तिच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात खरं होतं. स्टेज कुठल्याही भिंतीला घातलं तरी संमेलन होतं. पण एकदा डोक्यावरून फोन गेला की मंडपवाला, साऊंडवाला, तिच्या हाताखालची पोरं, सगळी यापुढं माझ्याकडंच बघणार. अशानं 41 पैकी 33 कामं परत माझ्या खिशात येतात.

मी माफी मागितली. तिच्यासमोरच मंडपवाल्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला : "माझं चुकलं. मंडपाचं ती म्हणेल तसं. यापुढं मी फोन केला तरी तिलाच विचारायचं." कार्ड तिच्या हातात परत दिलं. चहा गार झाला होता, आईनं दुसरा केला. तो तिनं घेतला.

रात्री गुरुजींकडं जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ऊन माझ्याही डोळ्यांत यायचं."

13 जानेवारी, सोमवार
गावात शुकशुकाट, अर्धी घरं डोंगराला गेलीत. कालची तारीख धरली असती तर काय झालं असतं, ते आज दिसतंय. पाण्याच्या पोरानं 1 तारखेला सांगितलं होतं तसंच आहे. खुर्च्या 600 ठरल्या.

18 जानेवारी, शनिवार, रात्री
शिफ्ट संपताना आम्ही चार्ज देतो : काय चालू आहे, काय बंद आहे, काय अर्धवट आहे. आज मंडपात उभ्या उभ्या सगळ्यांनी तसाच चार्ज दिला, एकेकानं दोन मिनिटं. अर्धवट राहिलं होतं ते एवढंच : दिंडीच्या पालखीची फुलं आणि अध्यक्षांच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर. दोन्ही तिथल्या तिथं ठरलं. दहाच्या आत माईक बंद, परवानगीत तसं आहे.

दिंडीतले फलक शाळेतल्या बाईंनी मुलांकडून लिहून घेतलेत. एकावर अभिजात दर्जाची तारीख. दुसऱ्यावर बेळगावात भरलेल्या अखिल भारतीय संमेलनांपैकी पहिली दोन : 1929, अध्यक्ष शि. म. परांजपे, 1946, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला ते. सातवीतल्या मुलानं माडखोलकरांचं नाव तीनदा लिहून काढलं, 'त्र्यं' जमेपर्यंत.

19 जानेवारी, रविवार
पहाटे पाचला पोचलो. पेज तयार होती, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. पोरं चुलीभोवती द्रोण घेऊन बसलेली. ट्रॅक्टरवाला आला, दोन द्रोण प्याला, जळण रचून घरी गेला. वडिलांची अंघोळ घालून दहाला परत आला आणि कुणी न सांगता वाढायला उभा राहिला.

मला काम नव्हतं. सुरुवातीला हात कुठं ठेवायचे कळेना. साडेनऊला साऊंडमध्ये खरखर सुरू झाली, मी दोन पावलं पुढं टाकली, तोवर ज्याचं काम होतं तो वायरपाशी पोचला होता. मी जागेवर जाऊन बसलो. अध्यक्षांचं भाषण पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं.

पंगती एक ते तीन. भात मोकळा. एका म्हातारबाबांनी तिसऱ्यांदा भात मागून घेतला, तेव्हा आक्का माझ्याकडं न बघता आचाऱ्याकडं बघून हसल्या.

चार वाजता मुद्दाम मागं जाऊन उभा राहिलो. कथाकथन चालू होतं. ऊन लोकांच्या पाठीवर पडलेलं, पुढच्या रांगेत गुरुजी, त्यांच्या पांढऱ्या टोपीवर मागून उजेड. रांगा भरलेल्या. शेवटची कविता झाली तेव्हा सव्वासहा वाजले होते, आणि बायकासुद्धा बसून होत्या.

चुकलं ते : चपलांची सोय कुणाच्याच कार्डात नव्हती, जेवणाच्या मंडपापाशी ढीग झाला. हात धुवायच्या जागी चिखल. दोन कवींची नावं निवेदनातून राहिली, एकजण नाराज होऊन गेले. कार्यक्रमाची पत्रिका सांभाळणारी मुलगी त्यांना स्वतः उद्या फोन करणार आहे.

26 जानेवारी, रविवार
झेंडावंदन झाल्यावर शाळेतच बैठक. आक्कांनी हिशेब वाचला. पाचव्या वर्षी वही जुळली. 597 खुर्च्या परत गेल्या, तीन सापडत नाहीत, त्यांचे पैसे भरले. तांदूळ 9 किलो उरला, तो अंगणवाडीला.

कार्डं सगळ्यांनी परत आणली. मी मागितली नव्हती, तरी बहुतेकांनी मागच्या बाजूला पुढच्या वर्षीसाठी लिहिलं होतं. पाणी : 'हात धुवायच्या जागी खडी टाकणे, दोन बुट्ट्या पुरतात.' मंडप : 'उत्तरेची भिंतच. पूर्वेच्या कनातीला एक वाट ठेवणे.' परवानगी : 'अर्जांच्या नकला फाइलमध्ये, फाइल वाचनालयात.' जळणाच्या कार्डामागं फक्त 'पुढच्या वर्षी पण मीच.'

रजिस्टर वाचनालयाच्या कपाटात ठेवलं. किल्ली दोन जणींकडं.

शेवटी एक कार्ड मला दिलं. काम : पहिल्या संमेलनापासूनची हकीकत लिहून काढणे. झालं कधी म्हणायचं : दोनशे पानी वही भरली की. मुदत : गुढीपाडवा, 30 मार्च. विचारायचं कधी : अडेल तेव्हा, गुरुजींना.

उद्या कामावरून येताना वही घेतो आणि तसाच गुरुजींकडं जातो. पहिल्या वर्षी मंडप कुणी घातला आणि पहिला तांदूळ कुणाच्या घरून आला, हे आता त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही.